किट कारसाठी सुरक्षा नियमांत बसणारे स्टेअरिंग व्हील कसे निवडावे

किट कार म्हणजे सुटे भाग जुळवून स्वतः बांधलेली गाडी. अशी गाडी बांधू पाहणाऱ्यांना पुण्यात सांगाडा, इंजिन आणि गिअरबॉक्स यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. भोसरीच्या एमआयडीसीत नळ्या अचूक कापून आणि वाकवून मिळतात, नाना पेठेत सुटे भाग मिळतात आणि जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी नीट शोधले तर एखादा कामाचा स्टेअरिंग कॉलमही (व्हील ज्यावर बसते तो दांडा आणि त्याची नळी) हाती लागतो. स्टेअरिंग व्हीलविषयी मिळणारा सल्ला मात्र बहुधा त्याच्या दिसण्यापुरताच असतो. हा भाग चालकाच्या छातीसमोर हातभर अंतरावर असतो आणि समोरून धडक बसली की शरीर सर्वप्रथम त्याच्याकडेच फेकले जाते, ही गोष्ट खरेदीच्या वेळी फारशी कोणाच्या मनात येत नाही.

दोन आसनी किट कार बांधताना मी या सर्व टप्प्यांतून गेलो आहे आणि माझे ठाम मत असे आहे की व्हीलची निवड व्हीलपासून सुरू करू नये. आधी गाडी कोठे चालणार हे ठरवावे, मग कॉलम, मग कॉलमला व्हीलशी जोडणारा बॉस आणि त्यानंतर व्हील, या क्रमाने गेल्यास पैसेही वाचतात आणि पुढची बरीचशी चिंताही टळते. खालील टप्पे याच क्रमाने दिले आहेत.

१. गाडी कोठे चालणार हे सर्वांत आधी ठरवा

कोणते नियम लागू होतात हे गाडीच्या वापरावर आणि तिच्या कागदांवर अवलंबून असते. पुण्यात साधारणपणे तीन प्रकारचे बांधणारे दिसतात.

पहिला प्रकार म्हणजे नोंदणी असलेली जुनी जिप्सी किंवा जीप घेऊन तिच्यावर नवी बांधणी करणारे. त्यांनी मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ लक्षपूर्वक वाचावे. उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

दुसरा प्रकार म्हणजे संपूर्ण नवा सांगाडा तयार करणारे. नव्या गाडीच्या नोंदणीसाठी फॉर्म २० चा अर्ज, फॉर्म २१ चे विक्री प्रमाणपत्र आणि फॉर्म २२ चे उत्पादकाचे प्रमाणपत्र लागते, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार गाडीचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. अशा संस्थांपैकी दोन पुण्यातच आहेत : कोथरूडच्या वेताळ टेकडीवरील एआरएआय आणि भोसरीची सीआयआरटी. घरी बांधलेल्या एकट्या गाडीसाठी हा मार्ग अतिशय अवघड आहे, याची स्पष्ट कल्पना असूनच त्या वाटेला जावे. संगम पुलाजवळील आरटीओ कार्यालयात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्यावे. खिडकीवर मिळालेल्या तोंडी आश्वासनावर सांगाड्याचा खर्च करू नये.

तिसरा प्रकार विद्यार्थी स्पर्धांचा. सुप्रा एसएईइंडिया किंवा फॉर्म्युला भारत यांसारख्या स्पर्धांना स्वतःची नियमपुस्तिका असते आणि तेथे तीच अंतिम असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गाडी सोसायटीच्या आवारात चालवली तर नोंदणी लागत नाही, असे अनेक जण धरून चालतात. कलम ३९ मध्ये सार्वजनिक ठिकाणाबरोबर ‘अन्य कोणतेही ठिकाण’ असाही उल्लेख आहे, हे लक्षात ठेवावे.

२. नियम नेमके काय मोजतात ते समजून घ्या

ब्रिटनमधून आलेल्या किटच्या पुस्तिकेत ‘आयव्हीए’ असा उल्लेख आढळतो. ही त्या देशातील एकेका गाडीची स्वतंत्र मान्यता-तपासणी असून ती प्रवासी गाड्यांसाठी २००९ पासून लागू आहे. त्या तपासणीसाठी लिहिलेली पुस्तिका म्हणजे भारतातील मान्यता नव्हे. तरीही तिच्यातील मोजमापे टाकाऊ नाहीत, कारण स्टेअरिंगच्या सुरक्षिततेमागचा विचार सर्वत्र संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १२ कडे जातो. समोरून होणाऱ्या धडकेत स्टेअरिंग यंत्रणा कशी वागली पाहिजे, याविषयीचे भारतातील एआयएस-०९६ हे मानकही याच विषयाचे आहे.

नियम १२ मधील तीन अपेक्षा नवख्या बांधणाऱ्याने पाठ कराव्यात, असे मला वाटते. पहिली अपेक्षा अशी की सुमारे ४८ किलोमीटर प्रतितास वेगाने गाडी भिंतीवर आदळली असता स्टेअरिंग कॉलमचे वरचे टोक चालकाच्या दिशेने १२७ मिमीपेक्षा जास्त सरकता कामा नये. दुसरी अशी की छातीच्या आकाराचा ठोकळा सुमारे २४ किलोमीटर प्रतितास वेगाने व्हीलवर आदळवला असता त्यावर येणारे बल १,१११ डेकान्यूटनच्या, म्हणजे साधारण ११ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये. या दोन्ही चाचण्या घरी होणाऱ्या नाहीत, पण कॉलम कसा निवडावा हे त्या सांगतात.

तिसरी अपेक्षा मात्र तुम्ही स्वतः तपासू शकता. १६५ मिमी व्यासाचा गोल चालकाच्या बाजूने व्हीलवर टेकवला असता तो जेथे जेथे स्पर्श करतो, तेथे अडीच मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येची कोणतीही धार किंवा खडबडीत कड असता कामा नये. हा गोल म्हणजे ढोबळमानाने माणसाचे डोके समजा. त्यासाठी १ क्रमांकाचा हँडबॉल उपयोगी पडतो; त्याचा घेर ५० ते ५२ सेंटिमीटर असतो आणि १६५ मिमी व्यासाच्या गोलाचा घेर ५१.८ सेंटिमीटर येतो. चेंडू घट्ट हवा भरून घ्यावा, त्याला गेरू लावावा आणि दाब न देता तो व्हीलच्या कडेवरून, आऱ्यांवरून आणि मध्यभागावरून फिरवावा. जेथे रंग लागेल त्या प्रत्येक जागेवर रेडिअस गेज (कडेची गोलाई मोजणाऱ्या पट्ट्या) लावून पाहावे.

या साध्या तपासणीत सर्वाधिक व्हील नापास होतात ती आऱ्यांमधील छिद्रांमुळे. जुन्या रेसिंग धाटणीच्या ॲल्युमिनियमच्या आऱ्यांना ओळीने गोल भोके असतात आणि ती फार देखणी दिसतात. मोठा गोल लहान भोकात शिरत नाही, त्यामुळे भोकाची कड त्याला लागणार नाही, असे वाटू शकते. प्रत्यक्षात २० मिमीच्या भोकावर ठेवलेला १६५ मिमीचा गोल जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर आत उतरतो आणि भोकाच्या संपूर्ण कडेवरच टेकतो. म्हणजे ती कडच तपासली जाते. शिवाय तीन मिलिमीटर जाडीच्या पट्टीची कड दोन्ही बाजूंनी सारखी गोल केली, तरी त्रिज्या फार तर दीड मिलिमीटर मिळते. म्हणून पातळ पट्टीचे, भोके पाडलेले आरे असलेले व्हील रस्त्यावरील गाडीसाठी घेऊच नये. वर कातडे चढवल्याने आतल्या धातूची धार नाहीशी होत नाही.

याच नियमात आणखी एक साधी पण महत्त्वाची अट आहे : नेहमीच्या हालचालींत चालकाचे कपडे किंवा दागिने अडकतील असा कोणताही भाग व्हीलवर, हॉर्नच्या बटणावर किंवा त्याच्या जोडणीवर असू नये. बाही, ओढणी, बांगडी आणि मनगटातील कडे यांचा विचार करून प्रत्येक फट पाहावी.

३. कॉलम निवडा, आणि तो दबणारा असेल याची खात्री करा

व्हील कितीही चांगले असले तरी त्यामागे रॅकपर्यंत (पुढची चाके वळवणाऱ्या दातेरी पट्टीपर्यंत) सरळ गेलेला अखंड गज असेल, तर धडकेत पुढचा भाग मागे येताच तो गज व्हीलसह चालकाकडे सरकतो. किट कारमध्ये हा धोका अधिक असतो, कारण रॅक बऱ्याचदा गाडीच्या अगदी पुढे असतो आणि त्याच्यापुढे दबायला फारसे काही नसते.

त्यामुळे चालू उत्पादनातील गाडीचा मूळ दबणारा कॉलम घेणे, हाच माझ्या मते शहाणपणाचा मार्ग आहे. अशा कॉलममध्ये एक नळी दुसरीत सरकते, जाळीदार नळी चुरडते किंवा प्लॅस्टिकच्या लहान खिळ्या तुटून दांडा आखूड होतो. खालच्या भागात दोन युनिव्हर्सल जॉइंट (कोनात फिरणारे सांधे) घालून दांड्याची रेषा मोडलेली असेल, तर धक्का सरळ वर येत नाही.

जुन्या बाजारातून किंवा भंगारातून कॉलम घेताना तो आधी कोठल्या अपघातात दबलेला नाही ना, हे पाहावे. जाळी चुरडलेली, खिळ्या तुटलेल्या किंवा नळीवर ओरखडे असलेला कॉलम कितीही स्वस्त मिळाला तरी नाकारावा. कॉलमची लांबी जुळवण्यासाठी त्याच्या दबणाऱ्या भागावर वेल्डिंग करू नये; तसे केले की तो पुन्हा अखंड गज होतो. जोड आवश्यकच असेल तर तो स्प्लाइन (दांड्यावरील उभ्या खाचा) जुळणाऱ्या तयार जॉइंटने करावा आणि जॉइंटचा बोल्ट दांड्यावरील खाचेत नीट बसला आहे, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

केंद्रीय नियमांतील नियम ९८ येथेच लागू होतो. स्टेअरिंगचा प्ले (चाके न वळता व्हीलची होणारी मोकळी हालचाल) व्हीलवर मोजला असता ३० अंशांपेक्षा जास्त असू नये, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट किंवा पिनने केलेल्या जोडण्या पक्क्या लॉक केलेल्या असाव्यात, असे तो सांगतो. ही ३० अंशांची मर्यादा म्हणजे गाठायचे उद्दिष्ट समजू नका. ३५० मिमी व्यासाच्या व्हीलच्या कडेवर ३० अंश म्हणजे सुमारे ९२ मिमी मोकळी हालचाल होते. विद्यार्थी स्पर्धांच्या ‘फॉर्म्युला स्टुडंट’ धर्तीच्या नियमांत एकूण सात अंशांचीच मुभा आहे, म्हणजे त्याच कडेवर सुमारे २१ मिमी. नव्याने बांधलेल्या गाडीने या दुसऱ्या आकड्याच्या आतच राहावे, असा माझा आग्रह आहे.

४. व्यास, खोली आणि आकार

लहान व्हील स्पोर्टी दिसते, पण पॉवर स्टेअरिंग नसेल तर त्याची किंमत खांद्यांना मोजावी लागते. ३७० मिमीच्या जागी २८० मिमीचे व्हील लावले तर तेवढ्याच कामासाठी कडेवर सुमारे ३२ टक्के जास्त जोर लावावा लागतो. हलक्या गाडीत ३५० मिमी हा व्यास बहुतेकांना मानवतो.

आसन कायमच्या जागी बसवल्यावरच मोजमाप घ्यावे. गुडघे मोकळे राहतात का, व्हीलच्या वरच्या कमानीतून वेगमापक दिसतो का, आणि पूर्ण वळवताना बोटांची पेरे डॅशबोर्डला घासतात का, हे पुठ्ठ्याची चकती कापून आधीच पाहता येते. व्हीलची खोली, म्हणजे कडा मध्यभागापासून चालकाकडे किती पुढे येते हे माप, यावरच छातीपासूनचे अंतर ठरते.

खालून सपाट केलेले व्हील मांड्यांना जागा देते, पण ज्या गाडीत टोकापासून टोकापर्यंत तीन-चार फेरे लागतात तेथे ते हातात अडखळते. लाकडी कडेचे व्हील आघाताने फुटून त्याच्या ढलप्या निघू शकतात. मला ते रस्त्यावरील गाडीसाठी मान्य नाही. स्पर्धेची गाडी असेल तर कडा सलग असावी आणि तिला आत वळलेला भाग नसावा, तसेच व्हील पुढच्या हूपच्या (चालकासमोरील नळीच्या सुरक्षा कमानीच्या) मागे २५० मिमीपेक्षा जास्त नसावे आणि त्याचा माथा हूपच्या वर जाऊ नये, अशा अटी असतात.

५. बॉस किट

बाजारातील व्हील थेट कॉलमवर बसत नाही. मध्ये बॉस लागतो. त्याची एक बाजू कॉलमच्या स्प्लाइनवर बसते आणि दुसरी व्हीलच्या सहा छिद्रांना जुळते. मोमो, स्पार्को आणि ओएमपी यांच्या व्हीलची सहा छिद्रे ७० मिमीच्या वर्तुळावर असतात, तर नार्डीची ७४ मिमीच्या. फरक केवळ चार मिलिमीटरचा असल्याने दुकानात तो डोळ्यांना कळत नाही, आणि घरी आल्यावर छिद्रे घासून रुंद करण्याचा मोह होतो. तसे कधीही करू नये. समोरासमोरच्या दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर व्हर्निअरने मोजूनच खरेदी करावी.

स्प्लाइनच्या बाबतीत गाडीचे नाव सांगून भागत नाही, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक कॉलम बदललेले असतात. खाचांची संख्या आणि दांड्याचा व्यास लिहून न्यावा आणि बॉस हाताने बसवून पाहावा. लेथवर आतून मोठा करून वेल्ड केलेला बॉस कोणी ‘करून देतो’ म्हणाले तरी घेऊ नये. जाळीदार पोलादाचे, आघाताने चुरडणारे बॉसही मिळतात. थोडे महाग असले तरी तेच निवडावेत. मूळ गाडीचा इंडिकेटर वळणानंतर आपोआप बंद होत असेल, तर त्यासाठी लागणारे खुंट नव्या बॉसवर आहेत का तेही पाहावे.

६. खुणा तपासा, बनावट माल ओळखा

अस्सल व्हीलच्या मागील बाजूस उत्पादकाचे नाव, व्यास आणि मान्यतेची खूण कोरलेली असते. वर्तुळातील ‘ई’ आणि त्यापुढील अंक म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नियमांनुसार दिलेली मान्यता. १ म्हणजे जर्मनी, ३ म्हणजे इटली. जर्मनीत रस्त्यावर चालण्यास मान्य असलेल्या व्हीलवर केबीए (तेथील वाहन प्राधिकरण) क्रमांक असतो. त्याच कंपनीच्या केवळ स्पर्धेसाठी बनवलेल्या व्हीलवर तो नसू शकतो, म्हणून नाव पाहून समाधान मानू नये. भारत १९५८ च्या त्या आंतरराष्ट्रीय करारात सहभागी नसल्यामुळे ‘ई’ ही खूण म्हणजे येथील मान्यता ठरत नाही. ती दर्जाचा भरवसा देते, एवढेच.

बनावट व्हीलवर नाव हुबेहूब असते. माझ्याकडे एका विक्रेत्याने पाठवलेल्या अशाच व्हीलचे आरे हाताच्या जोराने वाकत होते. व्हील टेबलावर पालथे ठेवून कडेवर दोन्ही हातांनी भार द्यावा. आरे लवत असतील किंवा कडेच्या आतील सांगाडा करकरत असेल तर ते परत करावे.

७. एअरबॅग, हॉर्न आणि क्विक रिलीज

१ जुलै २०१९ पासून भारतात नव्या प्रवासी गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. डोनर गाडीच्या (जिचे भाग काढून वापरले त्या गाडीच्या) व्हीलमध्ये ती असेल तर दोन चुका टाळाव्यात. एक, त्या गाडीचे सेन्सर आणि नियंत्रक नसताना केवळ एअरबॅगचे व्हील बसवून सुरक्षितता मिळाली असे मानणे. ती एअरबॅग उघडणारच नाही किंवा भलत्याच वेळी उघडेल. दुसरी, एअरबॅग काढून तेच व्हील झाकण लावून वापरणे. त्यामुळे छातीसमोर कठीण, पोकळ धातू उरतो. एअरबॅगच्या वायरींना मल्टिमीटर कधीही लावू नये, आणि ती काढण्याचे काम बॅटरी सोडून, उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबून, जाणकाराकडूनच करून घ्यावे.

हॉर्न नियम ११९ नुसार आवश्यक आहे. बहुतेक बॉसमध्ये बटण दाबल्यावर विद्युतमार्ग कॉलममधून सांगाड्याकडे जातो. कॉलममध्ये रबरी किंवा कापडी कपलिंग असेल तर तो मार्ग तेथे तुटतो, आणि हॉर्न कधी वाजतो, कधी वाजत नाही. कपलिंगच्या दोन्ही बाजूंना जोडणारी अर्थची लवचिक पट्टी लावली की प्रश्न मिटतो.

क्विक रिलीज (व्हील झटकन काढता येणारी जोडणी) स्पर्धेच्या गाडीत सक्तीचे असते, कारण चालकाला पाच सेकंदांत बाहेर पडावे लागते. रस्त्यावरील गाडीत त्याची गरज नाही. स्वस्त, गोळ्यांवर अडकणारे क्विक रिलीज झिजून खुळखुळतात. घ्यायचेच असेल तर स्प्लाइनचे घ्यावे.

८. बसवण्याचे काम

पुढची चाके सरळ करा, रॅक मध्यावर आहे का ते दोन्ही टोकांपर्यंतचे फेरे मोजून पाहा आणि दांड्यावर रंगाने खूण करा. जुने व्हील काढताना मधला नट सैल करून दोन-तीन आट्यांवर तसाच ठेवा, म्हणजे व्हील अचानक सुटून तोंडावर येणार नाही. व्हील निघत नसेल तर पुलर (ते ओढून काढण्याचे साधन) वापरा. कॉलमवर हातोडा मारू नका, कारण दबणाऱ्या कॉलममधील प्लॅस्टिकच्या खिळ्या त्या धक्क्याने तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

मधला नट डोनर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळा. व्हीलचे सहा स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे करून आवळा; त्यांची डोकी पृष्ठभागात पूर्ण बुडाली पाहिजेत, नाहीतर त्यांच्याच कडा गोलाच्या तपासणीत नापास होतात. व्हील किंचित तिरके बसले तर बॉस एक खाच सरकवून पाहा. तरीही राहिलेला फरक दोन्ही टाय रॉड (रॅक चाकांना जोडणारे दांडे) सारख्याच प्रमाणात फिरवून व्हील अलाइनमेंट करताना काढा.

९. जवळ ठेवायची साधने आणि कागद

साधनांत व्हर्निअर, रेडिअस गेज, टॉर्क रेंच, पुलर, एम५ च्या, पृष्ठभागात बुडणाऱ्या डोक्याच्या स्क्रूसाठी तीन मिलिमीटरची ॲलन की, थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा द्रव) आणि मल्टिमीटर एवढे पुरते.

कागदांत व्हील आणि बॉसची जीएसटी असलेली पावती, मागील खुणांची स्पष्ट छायाचित्रे, बॉसबरोबर आलेला जोडणीचा कागद, डोनर गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि कॉलमची पावती असावी. भंगारातल्या मालाचीही पावती मागा. ती नाकारणाऱ्याकडून स्टेअरिंगचा भाग घेऊ नका. परदेशातून मागवताना सीमाशुल्काच्या घोषणेत स्टेअरिंग व्हील आणि कॉलम ८७०८ ९४ या शीर्षकाखाली येतात. कुरिअर कंपनीने ‘खेळाचे साहित्य’ किंवा तत्सम काही लिहिले तर पार्सल अडकते. आरटीओला दिलेल्या अर्जाची पोच आणि विमा कंपनीला बदल कळवल्याचे पत्र याच फाइलमध्ये लावा.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर मधला नट, सहाही स्क्रू आणि युनिव्हर्सल जॉइंटचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, प्रत्येकावर रंगाची एक रेघ ओढा, आणि त्यानंतर गाडी बाहेर काढण्यापूर्वी त्या रेघा सरळ आहेत का हे दर वेळी पाहा.